डाव्या हाताच्या नोटिसा

बाबांना झटका आला त्या सकाळी सोसायटीच्या बोर्डावर त्यांच्याच हातची नोटीस लागलेली होती. गच्चीवरची टाकी धुणार असल्यामुळे रविवारी दुपारपर्यंत पाणी येणार नाही, एवढाच मजकूर. पण लोक थांबून वाचायचे, कारण अक्षर बघण्यासारखं असायचं. बाबा विक्रोळीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. यंत्रांच्या भागांची ड्रॉइंग काढायची आणि त्यावर मापं, सूचना हाताने लिहायच्या, यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. मुलुंडला आमच्या चार मजली इमारतीत राहायला आल्यावर सोसायटीचं सेक्रेटरीपद त्यांच्या गळ्यात पडलं ते या अक्षरामुळेच, असं आई म्हणते. बाजूच्या सोसायटीवाले गणपतीच्या पाट्यासुद्धा त्यांच्याकडून लिहून न्यायचे.

अर्धांगाचा झटका सौम्य होता. बाथरूममध्ये हातातला मग सुटला, उचलायला वाकले तर हात ऐकेना. आईने वरच्या मजल्यावर हाक मारली. तिथे आमच्या सोसायटीचे चेअरमन राहतात, बाबांचे जुने मित्र. मी त्यांना काका म्हणते. काकांनी गाडी काढली आणि तासाभरात बाबा हॉस्पिटलात होते. वेळेत नेलं म्हणून वाचा शाबूत राहिली, पायही हळूहळू चालता झाला. उजवा हात मात्र जड पडला तो पडलाच. बोटं मिटायची, उघडायची; पण पेन धरलं की थरथरत भलतीकडे जायची.

मी घाटकोपरला राहते आणि मेट्रोने अंधेरीला एका वकिलांच्या ऑफिसात जाते. वकील मजकूर लिहितात, तो कागदावर नीट बसवणं हे माझं काम. शीर्षकं, कलमांचे आकडे, समास, पान कुठे तोडायचं ते. दिवसभर समोर वर्ड उघडं असतं. शॉर्टकट मला पाठ आहेत म्हणणं बरोबर नाही, ते बोटांना पाठ आहेत. कोणी विचारलं, की अमुक कसं करायचं, तर मला आधी हवेत बोटं हलवून बघावं लागतं.

त्या दिवसांत मी दर शनिवारी मुलुंडला जायचे. असंच एकदा बाबांना काठी घेऊन खाली फिरायला नेलं, तर ते जिन्याजवळच्या नोटीस बोर्डापाशी उभे राहिले. काकांनी मोबाईलवर तयार करून प्रिंट काढलेली नोटीस होती. लिफ्ट बंद राहण्याबद्दल. अर्धी ओळ ठळक, अर्धी बारीक, 'लिफ्ट' एका ठिकाणी ऱ्हस्व आणि एका ठिकाणी दीर्घ, आणि खाली सेक्रेटरी म्हणून बाबांचं नाव.

बाबांनी ती दोनदा वाचली.

"हे माझ्या नावाने लावलंय," ते म्हणाले.

"अहो बाबा, त्यांनी मदत म्हणून केलं."

"मदत केली ना. मग खाली स्वतःचं नाव घालायचं."

वर आल्यावर त्यांनी चहासुद्धा घेतला नाही. डाव्या हाताने लिहून बघतो म्हणाले आणि अर्धा तास वहीच्या पाठकोऱ्या पानावर गिरवत बसले. पहिलीतल्या मुलाचं निघेल तसं अक्षर निघालं. आई म्हणाली, "अहो, जमेल हळूहळू." बाबांनी पान फाडून चुरगाळलं. एका हाताने कागद चुरगाळायलाही वेळ लागतो, हे मला तेव्हा दिसलं.

मी माझा लॅपटॉप उघडला आणि म्हटलं, "तुम्ही सांगा, मी टाईप करते. जसं सांगाल तसं."

कॉम्प्युटरचं नाव त्या घरात जपून काढावं लागायचं. कारखान्यात ड्रॉइंग कॉम्प्युटरवर व्हायला लागली तेव्हा बाबांनाही शिकायला बसवलं होतं. पन्नाशीचा माणूस, आजूबाजूला नुकती कॉलेजमधून बाहेर पडलेली पोरं. माऊस त्यांना जमला नाही, किंवा त्यांनी जमवून घेतला नाही. शेवटची काही वर्षं त्यांनी जुन्या ड्रॉइंगच्या रेकॉर्ड रूममध्ये काढली आणि त्याबद्दल घरी कधी चकार शब्द काढला नाही. त्यामुळे ते नाहीच म्हणतील असं मला वाटत होतं. पण ती लिफ्टची नोटीस त्यांना फारच लागली असावी. खुर्ची ओढून ते शेजारी बसले.

"वर मधोमध सोसायटीचं नाव. ठळक. त्याखाली 'सूचना', जरा मोठं, खाली रेघ. मग उजव्या बाजूला तारीख. मग मजकूर, दोन्ही कडा सारख्या."

ते सांगत गेले, मी करत गेले. दोन ओळींनंतर ते थांबले. ते स्क्रीनकडे नाही, माझ्या हातांकडे बघत होते.

"तू माऊसला हात लावत नाहीस."

"नाही लागत. सगळं कीबोर्डवरून होतं."

"सगळं?"

"जवळपास."

"आत्ता ते मधोमध नेलंस, ते कशाने?"

मला नेहमीप्रमाणे बोटं हलवून बघावी लागली. "कंट्रोल आणि ई."

"ई का? सेंटर म्हणजे सी पाहिजे."

"सी कॉपीला गेला. म्हणून सेंटरमधला पुढचा ई."

हे त्यांना पटलं. कुठल्याही गोष्टीला कारण असलं की बाबांचं अर्धं काम होतं. मग त्यांनी लॅपटॉप स्वतःकडे सरकवला आणि डाव्या हाताची करंगळी कंट्रोलवर ठेवून तर्जनीने ई दाबला. ओळ मधोमध गेली. कंट्रोल एल मात्र त्यांच्या एका हाताला पोचेना, अंतर फार. कंट्रोल आर पोचला. तारीख उजवीकडे गेली, परत मधे आली, परत उजवीकडे गेली. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन बघत होती.

"माऊस पळतो," बाबा म्हणाले, "डाव्या हातात तर धरवतच नाही. ही बटणं जागची हलत नाहीत, हे बरं आहे."

लॅपटॉप मी तिथेच ठेवून आले. ऑफिसचा वेगळा होता, हा घरचा, जुना. मराठी टाईप करायची सोय करून दिली. इंग्रजी अक्षरांत 'sabha' लिहिलं की 'सभा' उमटायचं. बाबा एका बोटाने टाईप करत. पण टाईप करण्याचा त्यांना तितकासा त्रास नव्हता. त्यांचा जीव होता मांडणीत.

पुढच्या शनिवारी त्यांनी मला दाखवायला दोन नोटिसा करून ठेवल्या होत्या. दिसायला ठीक होत्या. मी सवयीने कंट्रोल, शिफ्ट आणि आठ दाबलं. त्याने एरवी न दिसणाऱ्या खुणा दिसतात. जिथे जिथे स्पेस दिला तिथे ठिपका, जिथे एंटर मारला तिथे उलट्या पीसारखी खूण. बाबांच्या नोटिशीत ठिपक्यांचं पीक आलं होतं. तारीख उजवीकडे नेण्यासाठी स्पेसबार, मजकूर खाली ढकलण्यासाठी एंटर, आकड्यांनंतर जागा सोडायला परत स्पेसबार.

"हे काय?"

"बाबा, आमच्या ऑफिसात मोठमोठे वकील असंच करतात. दिसायला सरळ दिसतं, पण एक शब्द वाढवला की सगळं सरकतं." मी वरच्या ओळीत एक शब्द घातला. तारीख तुटून खालच्या ओळीत गेली.

त्यांचा चेहरा पडला. मला वाटलं, उगाच दाखवलं. पण ते म्हणाले, "ही सगळी ठिगळं आहेत. पुसून टाक."

"पुसू नका. मी दाखवते, तुम्हीच सरळ करा."

त्या दिवशी आम्ही जेवायला उशिरा बसलो. मी त्यांना दाखवलं, की परिच्छेद निवडून कंट्रोल आणि स्पेस दाबलं की अक्षरांवर चढवलेलं सगळं उतरतं, ठळकपणा, रेघ, आकार. आणि कंट्रोल क्यू दाबलं की ओळींची ओढाताण मूळपदावर येते. यावर ते खूश झाले. ड्रॉइंगवर खोडरबराने खोडलं तरी कागदाला वळ राहतो. इथे वळ राहत नाही म्हणाले. मग स्टाईलवर आलो. शीर्षक कसं दिसायचं ते एकदाच ठरवून ठेवायचं, मग कुठल्याही ओळीला कंट्रोल, आल्ट आणि एकचा आकडा दाबला की ती ओळ तशी होते. मी हे समजवायला लांबण लावणार होते, पण बाबांनीच थांबवलं.

"कळलं. आमच्याकडे रेघांच्या जाड्या ठरलेल्या असायच्या. बाहेरची रेघ जाड, मापाची बारीक, लपलेल्या भागाची तुटक. प्रत्येकाने आपापल्या मनाने काढली तर कारखान्यात वाट लागेल. तेच ना?"

"तेच."

"मग हे कोणी शिकवत का नाही?"

मलाही कोणी शिकवलं नव्हतं. पहिल्या नोकरीत शेजारच्या टेबलावरच्या बाईंचं बघून बघून उचललेलं.

बाबांना व्यायाम द्यायला एक फिजिओथेरपिस्ट मुलगी यायची. वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली, घरचा मासळीचा धंदा, ही घरातली पहिली शिकून या व्यवसायात आलेली. हाताने दणकट, बोलायला त्याहून. बाबा उजवा हात मांडीवर ठेवून फक्त डाव्याने काम करतात हे तिने पाहिलं आणि मलाच दम दिला.

"ताई, तू त्यांना आळशी करतेयस. उजवा पण लावायला सांग. एक बटण तरी त्याचं असू दे."

"कुठलं?"

"जे सारखं लागतं ते."

बाबांनी एंटर निवडलं. नंतर उजव्या बाजूचा कंट्रोलही. उजव्या हाताची मूठ करून तिच्या कडेने कंट्रोल दाबून धरायचा आणि डाव्याने अक्षर, असं ते करायला लागले. कधी मूठ घसरून बाणाच्या बटणावर जायची आणि कर्सर भलतीकडेच पळायचा. ते शिव्या द्यायचे. आई म्हणायची, "शेजारी ऐकतात हो." पण ते करत राहिले.

एका दुपारी मी ऑफिसात होते. आमचे मोठे साहेब माझ्या खुर्चीमागे उभे राहून एका कराराची पानं तपासत होते, तेवढ्यात फोन आला. बाबा कामाच्या वेळात कधी फोन करत नसत, म्हणून घाबरून उचलला.

"तुझा कॉम्प्युटर बिघडला."

"काय झालं?"

"कंट्रोल दाबला, सोडला, तरी तो दाबलेलाच राहतोय. मी नुसता बी दाबला तर ठळक झालं. आवाज पण येतो, टुकटुक."

"बाबा, त्याआधी तुम्ही काय दाबलंत?"

"काही नाही. जोडाक्षर येत नव्हतं म्हणून शिफ्ट मारला चारपाच वेळा. मग एक खिडकी आली. मी हो म्हटलं."

मला हसू आवरेना. साहेब बघत होते. शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबलं की कॉम्प्युटर विचारतो, बटणं चिकटवून ठेवू का. स्टिकी कीज म्हणतात त्याला. ज्यांना दोन बटणं एकदम दाबता येत नाहीत त्यांच्यासाठीच ही सोय केलेली असते. आधी कंट्रोल दाबून सोडायचा, मग सावकाश अक्षर. मी इतकी वर्षं ती खिडकी आली की चिडून नाही म्हणत आले होते. ती कोणाच्या कामाची असेल हा विचारच कधी केला नव्हता.

"बाबा, बिघडलं नाहीये. आता कंट्रोल दाबा, सोडा. हात उचला. मग एल दाबा."

फोनमधून टुक.

"डावीकडे गेलं."

"आता जे."

टुक, टुक.

"दोन्ही कडा सरळ. म्हणजे आता लांबचं पण पोचतं."

"सगळं पोचतं."

"बरं. ठेव. काम कर तू."

फोन ठेवल्यावर साहेबांनी विचारलं, सगळं ठीक ना? मी म्हटलं, हो, माझे वडील मजकूर जस्टिफाय करतायत. त्यांना काही कळलं नाही. मीही समजावत बसले नाही.

पावसाळा संपला आणि इमारतीच्या पुनर्विकासाची बोलणी जोरात सुरू झाली. आमची इमारत जुनी, प्लास्टर पडायचं, गच्ची गळायची. बिल्डरचा प्रस्ताव आला होता आणि त्यावर सर्वसाधारण सभा घ्यायची होती. नोटीस, विषयपत्रिका, इतिवृत्त, सगळं रीतसर व्हायला हवं होतं. काका एके संध्याकाळी घरी आले. मी होतेच. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, मग ते म्हणाले, "तू आता आराम कर रे. खूप केलंस. दुसऱ्या मजल्यावरची ती सीए मुलगी म्हणते, मी बघते सगळं."

ती मुलगी म्हणजे गुजराती कुटुंबातली, आमच्यासमोर लहानाची मोठी झालेली. हुशार आणि कामसू. तिच्याबद्दल बाबांची काही तक्रार नव्हती.

"माझ्या हातामुळे म्हणतोस?" बाबांनी विचारलं.

"तसं नाही रे."

"मग कसं?"

काका माझ्याकडे बघायला लागले. मी कप उचलून आत गेले. स्वयंपाकघरात आई ओट्याला टेकून उभी होती. आम्ही दोघी ऐकत होतो.

"ही एक सभा मी करणार," बाबांचा आवाज आला. "त्यानंतर तुम्ही ठरवा."

काका हो म्हणाले. त्यांना नाही म्हणणं कठीणच होतं.

सभा खाली पार्किंगमध्ये झाली. प्लास्टिकच्या खुर्च्या, पंखा, एका कोपऱ्यात कोणाच्या तरी घरून आणलेला टीव्ही. सीए मुलीनेच सुचवलं, की लॅपटॉप टीव्हीला जोडू या, म्हणजे इतिवृत्त लिहिताना सगळ्यांना दिसेल, नंतर कोणी म्हणायला नको मी असं बोललोच नव्हतो. बाबा टेबलामागे बसले. इस्त्रीचा पांढरा शर्ट त्यांना आईने चढवला होता, बटणं तिनेच लावली होती. मी मागच्या रांगेत.

सुरुवात गोंधळानेच झाली. विषयपत्रिकेत पहिला विषय बिल्डरचा प्रस्ताव, शेवटचा पार्किंग. तळमजल्यावरचे एक गृहस्थ उठून म्हणाले, "पार्किंगचं आधी बोला. नंतर सगळे जेवायला उठून जातात." दुसरे म्हणाले, भाड्याचं आधी, घर सोडून जायचं कुठे? तिसरे म्हणाले, विषयपत्रिका छापून वाटली आहे, आता क्रम बदलता येणार नाही. सगळे एकदम बोलायला लागले.

बाबांनी काका काय म्हणतात ते विचारलं. काका म्हणाले, सभेची हरकत नसेल तर बदला. हात वर झाले. बाबांनी कर्सर पार्किंगच्या ओळीवर नेला. टुक, टुक करत आल्ट आणि शिफ्ट दाबून सोडले, मग वरचा बाण. ओळ एक पायरी वर चढली. परत आल्ट, शिफ्ट, बाण. ओळ आणखी वर. टीव्हीवर पार्किंग एकेक विषय ओलांडत वर चाललं होतं आणि पुढचे आकडे आपोआप बदलत होते. बोलणारे एकेक करत गप्प झाले. सगळे पार्किंगकडे बघत बसले.

"काका, झकास!" मागून कोणीतरी बाबांना उद्देशून ओरडलं. लोक हसले.

बाबा हसले नाहीत. ते घामाघूम झाले होते, हे मला मागूनही दिसत होतं. अर्धा तास सगळं बरं चाललं. कोण काय बोललं ते थोडक्यात लिहीत होते, ठराव आला की ओळीला शीर्षक देत होते. मग कधीतरी चिकटलेला कंट्रोल त्यांच्या लक्षात आला नसावा. 'असे' लिहायला त्यांनी ए दाबला. सगळा मजकूर काळ्यानिळ्या पट्ट्याखाली गेला, म्हणजे पूर्ण निवडला गेला. पुढचं अक्षर त्यांनी सवयीने दाबलं आणि टीव्हीवर पांढरं पान आलं. वर एकच अक्षर.

कोणीतरी म्हणालं, "गेलं सगळं." सीए मुलगी अर्धवट उठली. मीही उठले. माझी बोटं मांडीजवळ आपोआप हललीसुद्धा. मग बाबांनी मान वर करून रांगांमधून माझ्याकडे पाहिलं. मदतीसाठी पाहिलं असं मला तेव्हा वाटलं; नंतर विचारलं तर म्हणाले, तू मधे येऊ नयेस म्हणून पाहिलं. ते खरं असेल किंवा नसेल. मी मात्र खाली बसले.

त्यांनी डावा हात उचलून मांडीवर ठेवला. एक श्वास घेतला. मग कंट्रोल. टुक. मग झेड. पानावरचं ते एकटं अक्षर गेलं आणि मजकूर जसाच्या तसा परत आला, शीर्षकांसकट, पार्किंगसकट.

"आलं," बाबा म्हणाले. "ठराव क्रमांक दोन. सूचक कोण?"

सभा संपली तेव्हा काका त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तूच राहा सेक्रेटरी. मी काही बोललो नाही असं समज."

बाबांनी नकार दिला. घरी ते आईशी आधीच बोलले होते हे मला नंतर कळलं. ते म्हणाले, आता वकील येणार, बिल्डरचे लोक येणार, ऑफिसांच्या फेऱ्या होणार, तिथे पळणारं माणूस पाहिजे. इतिवृत्त लिहिण्याने इमारत उभी राहत नाही. सीए मुलीचं नाव त्यांनीच सुचवलं. आवाज साधा होता, पण लिफ्ट पुन्हा बंद होती, जिना चढताना ते दर मजल्यावर थांबले आणि घरी येऊन थेट झोपले. आईने उठवलं नाही.

पुढचे बरेच शनिवार ती मुलगी आमच्याकडे यायची. बाबांनी नोटीस, विषयपत्रिका आणि इतिवृत्ताचे नमुने करून ठेवले होते, ते कसे वापरायचे हे तिला समजावायचे. दोघांचं पटायचं आणि भांडणही व्हायचं. तिचा जीव आकड्यांच्या तक्त्यात. ती म्हणायची, "काका, मजकूर कळला म्हणजे झालं ना यार." बाबा म्हणायचे, "नोटीस बोर्डासमोर माणूस पिशवी हातात घेऊन उभा असतो. त्याला काय वाचायचं ते एका नजरेत दिसलं पाहिजे." तिने त्यांना फाईल नेटवर ठेवून दोघांनी एकाच वेळी उघडायची युक्ती शिकवली. मग ती तिच्या घरी बसून टाईप करायची आणि बाबा आमच्या घरी बसून तिचे स्पेस काढून टाकायचे. तिचा फोन यायचा, "काका, मी लिहितेय तोवर थांबा ना जरा!"

उजवा हात पुढे थोडा सुधारला. चहाचा कप धरता येतो, शर्टाची वरची दोन बटणं लावता येतात. अक्षर परत आलं नाही. फिजिओथेरपिस्ट मुलीने शेवटच्या दिवशी त्यांच्याकडून वहीत एक ओळ लिहून घेतली, ती वाचता येते एवढंच. बँकेत नव्या सहीचा नमुना द्यावा लागला. बाबांनी तो दिला आणि बाहेर येऊन म्हणाले, ही सही माझी वाटत नाही. 

यंदा इमारत रिकामी केली. आईबाबा तीन गल्ल्या सोडून भाड्याच्या घरात गेले, नवी इमारत होईपर्यंत. सामान बांधायला मी रजा घेऊन आले होते. बाबांनी प्रत्येक खोक्यावर चिकटवायला कागद छापून ठेवले होते. वर ठळक, मधोमध खोलीचं नाव, खाली आत काय आहे ते, दोन्ही कडा सरळ. 'स्वयंपाकघर: रोजचे डबे.' 'स्वयंपाकघर: सणाची भांडी.' हमालांनी त्यातलं काही वाचलं नाही. एकावर एक कशीही रचली आणि सगळं हॉलमध्ये ओतून गेले.

आई खोक्यांच्या मधोमध उभी राहून म्हणाली, "अहो, चहाचं सामान कुठेय?"

बाबांनी काठी उचलून खिडकीखालच्या ढिगाकडे दाखवलं. वरून तिसरं खोकं. मी वरची दोन उतरवली, आईने पातेलं शोधलं, आणि नव्या घरातला पहिला चहा आम्ही खोक्यांवर बसूनच घेतला.